विश्लेषण : ऑनलाइन शिक्षणाने भावी डॉक्टरांचा ताण कमी झाला की वाढला?

सकाळी व्याख्यान, मग वॉर्ड, दुपारी प्रात्यक्षिक आणि रात्री मोबाइलवर दीडपट-दुप्पट वेगाने चाललेली व्हिडीओ व्याख्याने. एमबीबीएसच्या अनेक विद्यार्थ्यांचा दिवस आता असा सरतो. करोनाकाळात नाइलाज म्हणून स्वीकारलेले ऑनलाइन शिक्षण साथ ओसरल्यावर गेले नाही, त्याचे समांतर महाविद्यालय झाले. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयीची आकडेवारी चिंताजनक असताना या दुहेरी अभ्यासक्रमाकडेही पाहायला हवे.

ताणाविषयी आकडेवारी काय सांगते?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठीच्या ऑनलाइन सर्वेक्षणात पदवीचे २५,५९० आणि पदव्युत्तरचे ५,३३७ विद्यार्थी, तसेच ७,०३५ अध्यापक सहभागी झाले. पदवीच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तरच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे नोंदवले. आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र उलट आहे : पदवीत १६.२ टक्के, तर पदव्युत्तरमध्ये ३१ टक्के. म्हणजे ज्यांनी आजाराची नोंद कमी केली, त्यांच्यातच टोकाचे विचार जवळपास दुप्पट. निवासी डॉक्टर तपासणीपर्यंत पोहोचतच नसावेत, असा त्याचा एक अर्थ निघू शकतो. अर्थात हे स्वेच्छेने भरलेले अर्ज होते, त्यामुळे ही टक्केवारी देशातील सर्व विद्यार्थ्यांना सरसकट लावता येणार नाही. पण त्याआधी माहिती अधिकारात एनएमसीनेच दिलेल्या माहितीनुसार पाच वर्षांत १२२ वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले, तर १,२७० जणांनी शिक्षण सोडले. त्यांतील १,११७ पदव्युत्तरचे होते. बारावीनंतर एवढी मोठी शर्यत जिंकून, पुन्हा ‘नीट-पीजी’ देऊन मिळवलेली जागा इतके जण सोडतात, ही गोष्ट साधी नाही.

टाळेबंदीत नेमके काय बिघडले?

मार्च २०२० मध्ये वसतिगृहे रिकामी झाली आणि वर्ग पडद्यावर आले. औषधशास्त्राचे व्याख्यान पडद्यावर ऐकता येते, पण शवविच्छेदन पाहून शिकता येत नाही, ते हाताने करावे लागते. यकृत वाढले आहे का, हे रुग्णाच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. २०२०ची तुकडी तर सुरूच फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. ‘नीट’ लांबली, प्रवेश लांबले आणि नंतर अभ्यासक्रम कमी वेळात उरकण्याची घाई झाली. नेटवर्कसाठी गच्ची किंवा गावाबाहेरचा माळ गाठणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याचे नुकसान दुहेरी झाले.

निवासी डॉक्टरांची स्थिती निराळी होती. त्यांच्यासाठी वर्ग बंद झाले, पण रुग्णालय सुरूच राहिले. शस्त्रक्रिया शिकायला आलेले कित्येक जण महिनोन्महिने करोना कक्षात होते. १८ एप्रिल २०२१ ची ‘नीट-पीजी’ पुढे ढकलली गेली, ती ११ सप्टेंबरला झाली. आरक्षणाच्या वादात समुपदेशन जानेवारी २०२२ पर्यंत रखडले. तोवर प्रथम वर्षाची तुकडीच नव्हती आणि तिचे काम वरच्या दोन तुकड्यांनी ओढले.

मग साथ संपल्यावरही ऑनलाइन वर्ग का टिकले?

कारण परीक्षा. विद्यापीठाची परीक्षा दीर्घोत्तरी आणि तोंडी, तर ‘नीट-पीजी’ २०० बहुपर्यायी प्रश्नांची. दोन्हींचा अभ्यास वेगळा. ‘नेक्स्ट’ ही एकच परीक्षा आणून हा दुभंग मिटवण्याची घोषणा झाली, पण २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली. या पोकळीत मॅरो, प्रेपलॅडर यांसारखी अ‍ॅप्स रुजली. त्यांचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वर्गात न कळलेले वाक्य तीनदा मागे नेऊन ऐकता येते, हे मोठेच सुख. ज्या महाविद्यालयात अध्यापकांची पदे रिक्त आहेत, तिथे तर अ‍ॅपच शिक्षक ठरते.

मात्र त्याची किंमतही आहे. वर्गणीचे पैसे हा त्याचा लहान भाग. पाहायच्या राहिलेल्या व्हिडीओंचा ढीग, सराव चाचणीनंतर लगेच झळकणारा देशपातळीवरचा क्रमांक आणि त्यासाठी कापलेली झोप, हे रोजचे. पूर्वी पदव्युत्तरची चिंता आंतरवासितेत सुरू होत असे, आता ती दुसऱ्या वर्षापासून असते. वर्गातल्या साठ टक्क्यांशी नव्हे, तर देशभरातल्या अनोळखी नावांशी तुलना होते आणि ती खिशातच असते. शिवाय हजेरीची अट कायम असल्याने विद्यार्थी वर्गात बसतो, पण कानात इअरफोन घालून. महाविद्यालयांनी याकडे शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहणे सोयीचे आहे. आपल्या व्याख्यानाला हा पर्याय का शोधला जातो, हे विचारणे गैरसोयीचे.

युक्रेनहून परतलेल्यांचे काय झाले?

ऑनलाइन वैद्यकीय शिक्षणाची मर्यादा सर्वांत कठोरपणे त्यांनाच कळली. २०२२ मध्ये युद्धामुळे महाराष्ट्रासह देशभरातील हजारो विद्यार्थी परतले आणि अनेकांनी तिथल्या विद्यापीठांचे वर्ग घरूनच केले. मात्र केवळ ऑनलाइन वैद्यकीय पदवी एनएमसीला मान्य नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयासमोरील प्रकरणात मार्च २०२३ मध्ये अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना भारतात परीक्षा देण्याची एकदाच संधी मिळाली, पण पुढे दोन वर्षांच्या आंतरवासितेच्या अटीवर. रुग्णाला न पाहता डॉक्टर होता येत नाही, ही भूमिका योग्यच. तरीही वर्षे आणि कर्ज काढून भरलेली फी गेली ती मुलांचीच.

कामाच्या तासांचा प्रश्न सुटेल का?

कृतिदलाने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला कमाल ७४ तास, एक दिवस सुट्टी आणि सात-आठ तास झोप सुचवली. केंद्राच्या १९९२ च्या निर्देशात मात्र साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम नको, असे म्हटले होते. तीन दशकांनंतर मर्यादा २६ तासांनी वाढवूनही ती सुधारणा वाटते, यावरून प्रत्यक्ष कामाचा अंदाज यावा. जागा सोडल्यास लाखोंचा दंड हाही ताणाचा भाग. तो रद्द करा, असे एनएमसीने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना सुचवले होते.

मदत कुठे मिळते?

‘टेलिमानस’ ही केंद्राची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, मराठीतही. महाविद्यालयांत मनोविकारशास्त्र विभाग असतोच, पण तिथे जाण्यात अडचण उघड आहे. ज्या प्राध्यापकांसमोर मन मोकळे करायचे, तेच उद्या तोंडी परीक्षेला समोर बसणार. केसपेपरवर नाव घालून त्याच ओपीडीच्या रांगेत उभे राहायचे, तर ओळखीचे कोणीतरी पाहणारच. त्यामुळे महाविद्यालयाबाहेरचे समुपदेशक आणि गुप्ततेची लेखी हमी, या दोन गोष्टींवर संस्था किती खर्च करतात, हे पाहावे लागेल. ऑनलाइन समुपदेशनाचा खरा उपयोग इथेच आहे : तिथे हजेरी लागत नाही आणि क्रमांकही.