स्वस्त औषधाला दलाल नसतो

ज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर पनवेल तालुका भाग्यवान म्हटला पाहिजे. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे, कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि १८७२ साली स्थापन झालेल्या धूतपापेश्वरच्या औषधांमुळे आयुर्वेदाच्या जगात पनवेलचे नाव दीडशे वर्षे परिचित आहे. असे असूनही जुन्या पनवेलच्या एखाद्या गल्लीत, किंवा नेरे अथवा आपट्यासारख्या गावी रोज साठ-सत्तर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरच्या बाबतीत एक साधा प्रश्न विचारला, तर त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. आपल्या रुग्णांच्या उपयोगी पडेल असे नवे संशोधन जगात कोठे तरी प्रसिद्ध झाले, तर ते या डॉक्टरपर्यंत कोणत्या वाटेने पोचते? आणि ती वाट बांधण्याचा व राखण्याचा खर्च कोण करतो?

पहिला प्रश्न वैद्यकाचा वाटतो. दुसरा उघड उघड अर्थशास्त्राचा आहे. आपल्याकडे चर्चा होते ती पहिल्याची, आणि तीही उपदेशाच्या स्वरात. डॉक्टरांनी वाचन ठेवले पाहिजे, ज्ञान अद्ययावत केले पाहिजे, असे सभा-संमेलनांतून सांगितले जाते. उपदेश चांगलाच आहे. पण तो पाळणे शक्य आहे की नाही, याचा हिशेब मांडल्यावाचून त्याला अर्थ नाही.

वाचनाचा हिशेब

असा हिशेब अमेरिकेत २००४ साली मांडला गेला. प्राथमिक वैद्यकीय सेवेशी संबंधित अशा ३४१ नियतकालिकांची छाननी करता त्यांत दरमहा ७,२८७ लेख प्रसिद्ध होतात असे आढळले. संशोधनपद्धतीचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरने हे सर्व लेख पारखून घ्यायचे ठरविले, तर त्याला महिन्याला ६२७.५ तास लागतील, असा अंदाज निघाला. म्हणजे दिवसाचे जवळजवळ एकवीस तास! उरलेल्या तीन तासांत त्याने झोपावे, जेवावे आणि रुग्णही तपासावेत. त्यानंतरच्या काळात लेखांची संख्या घटलेली नाही, हे सांगायला नकोच.

याच्या शेजारी आपला नियम ठेवून पाहावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरने दर पाच वर्षांत ३० तास निरंतर शिक्षणासाठी द्यावयाचे आहेत. म्हणजे महिन्याला अर्धा तास. शिवाय मोजले जातात ते उपस्थितीचे तास. त्या तासांनंतर चिठ्ठीवरचे औषध बदलले की नाही, हे मोजण्याची सोय नियमात नाही. आपल्या शहरांतून आणि खेड्यांतून पहिला उपचार करणाऱ्या डॉक्टरांत आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या परिषदा निराळ्या असल्याने त्यांना हा नियमही लागू नाही.

या अंतराचे परिणाम काल्पनिक नाहीत. मुंबईच्या झोपडपट्टीत व्यवसाय करणाऱ्या १०० खासगी डॉक्टरांना क्षयरोगावर कोणता उपचार द्याल असे विचारले असता त्यांनी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या, असा निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाला. १९९७ पासून सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि प्रमाणित उपचार कोणता, हे सरकारने जाहीर केले. तरीही २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तशाच पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ निरनिराळ्या योजना लिहिल्या, आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे केवळ ६ निघाले. वीस वर्षांत ज्ञान वाढले, औषधे आली, कार्यक्रम आखला गेला; चिठ्ठी मात्र फारशी बदलली नाही. क्षयाच्या बाबतीत चुकलेल्या चिठ्ठीची किंमत एकटा रुग्ण देत नाही. अर्धवट उपचाराने निबर झालेले जंतू त्याच्या कुटुंबाला, शेजाऱ्यांना आणि लोकलच्या डब्यात खेटून उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही ती द्यायला लावतात.

ज्ञानाची वाहतूक

येथे एक आक्षेप संभवतो. डॉक्टरपर्यंत नवे काहीच पोचत नाही, हे खरे नाही. नवे प्रतिजैविक, मधुमेहावरची नवी गोळी, जीवनसत्त्वांचे नवे मिश्रण यांची वार्ता बाजारात माल येताच पनवेलच्या दवाखान्यात येऊन थडकते. ती घेऊन येणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी दुपारी रुग्णांची गर्दी ओसरण्याची वाट पाहत बाकावर बसलेला असतो. त्याच्यापाशी छापील पत्रके असतात, नमुन्याची औषधे असतात आणि डॉक्टरला हवी तितकी सवड असते. कित्येक डॉक्टरांच्या बाबतीत पदवीनंतरचे शिक्षण प्रत्यक्षात चालविले आहे ते याच माणसाने. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो आपले काम चोख बजावतो. पण त्याचे काम माल खपविण्याचे आहे, आणि ज्या ज्ञानातून खप वाढत नाही ते ज्ञान त्याच्या पिशवीत असणार नाही.

यावरून लक्षात येते की, नवे संशोधन सरसकट उशिरा पोचत नाही. महाग औषधाचे ज्ञान जलद पोचते आणि स्वस्त औषधाचे रेंगाळते. साखर-मिठाच्या पाण्याची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना शिरेतून सलाइन देण्याऐवजी तोंडाने क्षार-शर्करेचे द्रावण पाजून हजारोंचे प्राण वाचविले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ने त्या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतींत केली. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, अतिसार झालेल्या मुलांपैकी हे द्रावण मिळालेली मुले होती ६०.६ टक्के. अतिसारात द्रावणाबरोबर जस्ताच्या गोळ्याही द्याव्यात, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली केली. त्या मिळाल्या ३०.५ टक्के मुलांना. दोन्ही उपाय काही रुपयांत होणारे. त्यांच्यासाठी दवाखान्याच्या बाकावर ताटकळत बसणारा कोणी नाही.

विक्रीच्या या वाहतुकीचा खर्च कोठून निघतो, हेही पाहण्यासारखे आहे. डॉक्टरांना भेटवस्तू व सहली देण्यावर झालेला खर्च कंपन्या आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करू पाहत. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी वजावट मिळणार नाही, असा निर्णय दिला. म्हणजे तोवर या खर्चाचा काही भार सरकारी तिजोरीवर, पर्यायाने जनतेवर टाकला जात होता, आणि उरलेला भार औषधांच्या किमतीतून रुग्ण उचलीत होता. ‘फुकट’ मिळणारे शिक्षण इतके महाग पडते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली काढून कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या परिसंवादांपासून डॉक्टरांना दूर राहण्यास सांगितले. तीन आठवड्यांतच, २३ ऑगस्टला, ती स्थगित झाली आणि २००२ ची नियमावली पुन्हा लागू करण्यात आली. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी विपणनाची संहिता आली खरी. परंतु एक वाट अडविली तर दुसरी कोणती खुली करून देणार, याचा विचार तीतही नाही.

जिल्ह्यातील दोन उदाहरणे

दुसरी वाट असू शकते, याची साक्ष रायगड जिल्ह्यातच आहे. पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर महाड लागते. त्याच्याजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली, जिल्ह्याचे नाव कुलाबा असताना, डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे मरत, आणि ती का मरतात याचा नीट उलगडा झालेला नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, हृदय आणि फुप्फुसे यांवर विषाचा परिणाम कसा होतो ते पाहिले, आणि १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या गोळीचा विंचूदंशावर उपयोग होतो, हे त्यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकातून मांडले. गंभीर दंशात पूर्वी शंभरातील पंचवीस-तीस रुग्ण दगावत. या उपचाराने ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कथेचा गौरव पुष्कळदा होतो आणि तो योग्यच आहे. तिचा आर्थिक अर्थ मात्र दुर्लक्षित राहतो. गोळी जुनी आणि स्वस्त; रुग्ण अनवाणी शेतमजूर. विंचूदंशासाठी तिचा प्रचार करण्यात कोणत्याही कंपनीला रस असण्याचे कारण नव्हते. स्वतः वाचणारा, टिपणे ठेवणारा आणि चिकाटीने लिहिणारा एक डॉक्टर त्या ठिकाणी होता, म्हणून ते ज्ञान निर्माण झाले आणि पसरले. मात्र प्रत्येक तालुक्यात एक बावस्कर निपजेल, या भरवशावर आरोग्याचे धोरण आखता येत नाही.

दुसरे उदाहरण असामान्य व्यक्तीचे नाही, व्यवस्थेचे आहे. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. ज्यांना घरात थारा उरला नव्हता अशांसाठी ते उभे राहिले. डॅप्सोन या एकाच औषधावर कुष्ठरुग्णांना वर्षानुवर्षे काढावी लागत आणि त्या औषधाला जंतू दाद देईनासे झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. १९८३ मध्ये भारताने राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला, आणि पुढे हे संशोधन महिन्याच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या रूपाने खेडोपाडी गेले. कोणती गोळी कोणत्या दिवशी घ्यायची, हे पाकिटावरूनच कळे. औषध मोफत होते, कर्मचारी शिकविलेले होते. डिसेंबर २००५ पर्यंत देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. रोग नाहीसा झाला असे नव्हे. नवे रुग्ण आजही सापडतात. परंतु त्या खेड्यातील आरोग्यसेवकाने जिनिव्हाचा अहवाल वाचला नव्हता, आणि त्याला तो वाचावा लागलाही नाही. निवडण्याचे, पारखण्याचे आणि सोपे करून पोचविण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी सार्वजनिक पैशाने केले होते. क्षयाच्या खासगी चिठ्ठ्या आणि कुष्ठाचे पाकीट यांतला फरक डॉक्टरांच्या बुद्धिमत्तेचा नाही. पहिल्या ठिकाणी ज्ञान दारापर्यंत आणून देणारे कोणी नव्हते, दुसऱ्या ठिकाणी होते.

काय करता येईल

पारखलेले ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. एका डॉक्टरने ते वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि त्याचा लाभ दवाखान्याबाहेरच्या समाजालाही मिळतो. अशा वस्तूचा पुरवठा बाजारावर सोडला तर तो अपुरा आणि एकांगी होतो, हे अर्थशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. तेव्हा डॉक्टर कमावतो, त्याने स्वतःच्या खिशातून शिकावे, हा युक्तिवाद पुरेसा नाही.

पहिले पाऊल स्वस्त आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना खुली केली. योजना स्वागतार्हच आहे. पण आपट्याचा डॉक्टर तिच्या कक्षेत येत नाही. ज्याच्या चिठ्ठीत संशोधनाचे सार्थक व्हायचे, त्यालाच ग्रंथालयाबाहेर उभे करण्यात काय तर्क आहे? नोंदणी क्रमांकाच्या आधारे प्रत्येक डॉक्टरला, त्याची पदवी कोणत्याही शाखेची असो, हा प्रवेश द्यावा.

केवळ दार उघडून मात्र भागणार नाही. ६२७ तासांचे वाचन मोबाइलवर आले म्हणून ते सहा तासांचे होत नाही, आणि त्याच मोबाइलवर जाहिरातीही येतात. म्हणून निवड करून देणारी, कंपन्यांच्या जाहिराती न घेणारी मासिक पत्रिका हवी. इंग्लंडमध्ये अशी औषधोपचार पत्रिका १९६२ पासून निघते; फ्रान्समधील, १९८१ पासून निघणारी ‘प्रेस्क्रिर’ वाचकांच्या वर्गणीवर चालते; आपल्याकडेही ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ने १९७६ पासून स्वतंत्र वृत्तीची पत्रिका चालविली. चार पानांत, मराठीत, तीनच गोष्टी असाव्यात: या महिन्यात काय बदलले, काय बंद करावे आणि कशाची किंमत किती. ती सरकारी परिपत्रकासारखी झाली तर कोणी उघडणार नाही; म्हणून तिचे संपादन वैद्यकीय महाविद्यालये आणि व्यवसायी डॉक्टर यांच्याकडे असावे, आणि खर्च तेवढा शासनाने करावा. तिसरी गोष्ट, शिक्षणाचे तास सभागृहातील खुर्चीवर मोजू नयेत. उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एकदा दहा-पंधरा डॉक्टरांनी रुग्णांची नावे झाकून आपापल्या चिठ्ठ्या एकमेकांसमोर ठेवाव्यात, आणि त्याचे गुण मिळावेत.

एवढ्याने सारे साधेल असे मानणे भोळेपणाचे ठरेल. सुई आणि सलाइन मागणारा रुग्ण आहे, आणि ती न देणाऱ्याचा रुग्ण पळविणारा शेजारचा दवाखानाही आहे. ज्ञान मिळाले म्हणून हा बाजार सुधारेलच असे नाही. परंतु योग्य औषध कोणते हे ज्या डॉक्टरला निःपक्षपाती सूत्राकडून कळले आहे, तो निदान ‘नाही’ म्हणू शकतो. ज्याला ते विक्रेत्याकडूनच कळते, त्याच्यापाशी तेवढाही आधार नसतो.

पनवेलच्या महापालिकेला २०२६ मध्ये दहा वर्षे होत आहेत. विमानतळ, रस्ते आणि इमारती यांवर किती खर्च झाला याचे आकडे सांगितले जातील. त्यांत आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन आई ज्या डॉक्टरच्या दारात प्रथम जाते, त्याला गेल्या वर्षभरात विक्रेत्याखेरीज दुसऱ्या कोणी काही नवे सांगितले काय?