टँकरच्या बिलात न दिसणारा खर्च

यंदा बारावी झालेली माझी भाची सुट्टीत बार्शीहून आमच्याकडे खराडीला आली होती. सकाळी सोसायटीच्या दारात टँकर रिकामे होताना पाहून तिने विचारलं, "मावशी, एवढं पाणी येतं कुठून?"

"कुठल्या तरी विहिरीतून, बोअरमधून. बिल आम्ही सगळे वाटून भरतो."

"आणि त्या विहिरीशेजारच्यांचं पाणी आटलं, तर ते कोण भरतं?"

मला उत्तर सुचलं नाही. तिला पदवीला शिकायचंय ते नेमकं हेच, पर्यावरणाचं अर्थशास्त्र आणि धोरण. ताईचा लगेच फोन! "तू तरी समजाव गं तिला. एवढे मार्क मिळवून झाडं लावायला जाणार का ही?"

झाडं लावण्याचा हा विषयच नव्हे. एकाच्या सोयीचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर पडतो. तो मोजायचा कसा आणि भरायचा कुणी, हे त्यात शिकतात. आमच्या खराडीत तर पावलोपावली उदाहरणं. १९९७ साली महापालिकेत आलेलं हे गाव आता आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींनी भरलंय. जानेवारी २०२१मध्ये भामा आसखेड धरणाचं पाणी पुण्याच्या पूर्व भागाला मिळू लागलं. त्याआधी खेड तालुक्यातल्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी जलवाहिनीचं काम अनेकदा बंद पाडलं होतं. पाणी येणार म्हणून आम्ही बायका खूश होतो, पण त्या घरांचा हिशोब, खरं सांगते, माझ्या मनातही आला नाही. आणि शहराचं सांडपाणी मुळा-मुठेतून जातं खाली दौंडकडच्या गावांना.

असा हिशोब मांडणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. १९३०मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिथल्या धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायदे मोजून १९४८मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्ये विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभारली. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं, भूमिहीनांनाही हक्क आणि ऊस अजिबात लावायचा नाही! गावकरी पाणी, जंगल, कुरणं आपसांत कशी सांभाळतात याच अभ्यासासाठी अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

"ते सगळं ठीक, पण नोकरी?" ताईचा प्रश्न चुकीचा नाही. याच नावाची पदवी आपल्याकडे क्वचित मिळते. बहुधा अर्थशास्त्र घेऊन पदवी करायची, त्यात हा एखादा पेपर, आणि खरा अभ्यास पुढे एम.ए.ला. गणित सोडून चालत नाही. २०२२-२३पासून शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना पाणी, वीज, कचऱ्याचा तपशील 'सेबी'च्या नियमाने जाहीर करावा लागतो, म्हणजे अशा माणसांची गरज आहे. मात्र पहिला पगार इंजिनिअरइतका असेलच असं नाही, हे मी ताईपासून लपवलं नाही.

ताई अजून "बघू" म्हणतेय. भाची जाताना सोसायटीची गेल्या तीन वर्षांची टँकरची बिलं मागून घेऊन गेली.