पाऊस कचेरीवर पडला

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत पावसाळ्यातल्या फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. नागपूरहून, भंडाऱ्याहून किंवा पुण्याहून कोणीतरी विचारते, ‘‘तुमच्याकडे पाऊस काय म्हणतो?’’ मी भिलाईतल्या माझ्या घराच्या खिडकीबाहेर पाहतो आणि सांगतो, ‘‘बरा आहे.’’ हे उत्तर माझ्या खिडकीपुरते खरे असते. दहा मैलांवरच्या गावाबद्दल ते काहीच सांगत नाही. घरगुती गप्पांत त्याने काही बिघडत नाही. परंतु शासन जेव्हा असेच एका खिडकीतून पाहून सगळ्या तहसिलीचे उत्तर देते, तेव्हा त्या उत्तरावर कोणाच्या तरी घरातले वर्षभराचे धान्य अवलंबून असते. असे एक उत्तर मी स्वतः दिले आहे. त्याविषयी आज लिहितो.

ही १९९४ सालची गोष्ट. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि दुर्ग जिल्ह्यातून बालोद व बेमेतरा हे जिल्हे अजून वेगळे झाले नव्हते. मी जिल्ह्याच्या उत्तरेकडील एका तहसिलीत नव्याने रुजू झालो होतो. त्या वर्षी देशभर पाऊस उत्तम झाला होता. आमच्या कचेरीच्या आवारात एक पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठ वाजता शिपायाने त्यातले पाणी मोजपात्रात ओतून आकडा नोंदवहीत लिहायचा, असा नियम. नोंदवही चाळताना माझ्या ध्यानात आले की तिथे रविवारी कधीच पाऊस पडत नसे आणि सोमवारी हटकून जास्त पडत असे. मी हसलो आणि सही केली. महिन्याची बेरीज तर बरोबर येत होती!

पुढे भाताच्या उताऱ्याचे अंदाज आले. एका गावाचा उतारा पटवाऱ्याने, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याने, फारच कमी दाखवला होता. तहसिलीचा पाऊस सरासरीइतका असताना हे गाव वेगळे कसे? ‘पर्जन्यमानाशी विसंगत, फेरतपासणी करावी’ असा शेरा मारून मी कागद परत पाठवला. फेरतपासणीत उतारा वाढून आला. वरिष्ठाच्या अशा शेऱ्यानंतर तो नेहमीच वाढून येतो. गावाला मदत मिळाली नाही.

त्यानंतर त्या गावचा एक वयस्क शेतकरी कचेरीत आला. त्याने अर्ज आणला नव्हता, आवाजही चढवला नाही. तो छत्तीसगढीत एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, पानी कछेरी म गिरिस, मोर खेत म नइ गिरिस.’’ पाऊस कचेरीवर पडला, माझ्या शेतावर पडला नाही.

त्याचे म्हणणे किती नेमके होते हे कळण्यासाठी इकडची भातशेती थोडी समजून घ्यावी लागते. छत्तीसगडात पुष्कळ ठिकाणी रोपे न लावता भात फेकून पेरतात. पेरणीनंतर महिन्याभराने शेतात पाणी साचले की उभ्या पिकातच नांगर फिरवतात. तिला ‘बियासी’ म्हणतात. तिच्यामुळे तण मरते, दाट रोपे विरळ होतात आणि भात फुटवे धरतो. बियासीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत पाणी साचले नाही, तर नंतर कितीही पाऊस आला तरी पीक पूर्वपदावर येत नाही. त्या गावात नेमके तेच घडले होते. हंगामाच्या बेरजेत ते दिसणे शक्य नव्हते. आणि रोजच्या आकड्यांत दिसले असते म्हणावे, तर ते आकडे आमच्या आवारातले होते.

त्या हिवाळ्यात मी त्या गावी गेलो तेव्हा अनेक घरांना कुलपे होती. माणसे नागपूरकडे वीटभट्ट्यांवर गेली होती. आपण मराठी माणसे नोकरीसाठी नागपूरहून भिलाईला आलो. ती माणसे माझ्या एका शेऱ्यामुळे उलट्या दिशेने गेली, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

शेजारच्या दोन गावांत पाऊस इतका वेगळा का पडावा, याचे उत्तर मला पुढे फार उशिरा, समुद्रापलीकडे मिळाले. २०११ च्या जुलैत मी मॉरिशसला आठ दिवस गेलो होतो. यजमान मराठी होते. १८३४ पासून भारतातून तिथल्या उसाच्या मळ्यांवर मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकण आणि घाटावरची कुटुंबेही होती. त्यांचे वंशज घरात बहुधा क्रिओल बोलतात, पण मराठी तिथल्या शाळांत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

आम्ही उतरलो होतो मधल्या पठारावरच्या क्युरपिपला. बाहेर झिमझिम पाऊस, अंगात स्वेटर. वीसेक किलोमीटरवरच्या पोर्ट लुई या राजधानीत गेलो, तर तिथे लख्ख ऊन. मी यजमानांना विचारले, ‘‘काका, आज पाऊस आहे की नाही?’’ ते म्हणाले, ‘‘इथे आधी गावाचे नाव सांगायचे, मग पावसाचे विचारायचे.’’

या फरकाचे कारण आहे आग्नेयेकडून जवळजवळ वर्षभर वाहणारे व्यापारी वारे. तिथे त्यांना ‘आलिझे’ म्हणतात. समुद्रावरून बाष्प घेऊन येणारा हा वारा बेटाच्या मधल्या पठारावर चढतो, थंड होतो आणि तिथेच पाणी टाकतो. पलीकडे पश्चिमेला उतरताना तो कोरडा झालेला असतो. मधल्या पठारावर वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. संपूर्ण बेटाची सरासरी सुमारे २००० मिलिमीटर, आणि हा आकडा त्या दोन्हींपैकी कुठल्याच गावाच्या उपयोगाचा नाही. महाबळेश्वर आणि वाई पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. तीसेक किलोमीटरच्या अंतरात पावसाचा देश बदलतो हे आपण जाणतोच.

मला धक्का दिला तो बेटाच्या क्षेत्रफळाने. मॉरिशस बेट सुमारे १८६५ चौरस किलोमीटरचे आहे. २०१२ च्या विभाजनानंतर उरलेला आमचा दुर्ग जिल्हा त्याहून थोडा मोठाच भरेल आणि माझ्या वेळचा जिल्हा तर कितीतरी मोठा होता. त्या जुन्या जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिमेला मैकल डोंगरांची रांग आहे. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस ती अडवते, म्हणून कवर्धा-बेमेतरा हा पट्टा पर्जन्यछायेत येतो. जो फरक मॉरिशसमधले शाळकरी पोर सांगू शकते, तो माझ्या तहसिलीच्या नोंदवहीला ठाऊक नव्हता. मलाही नव्हता.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. हेच आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून आपल्या कोकणात येतात. यजमानांचे पणजोबा कोकणातून ज्या बेटावर गेले, तिथला वारा दरवर्षी त्यांच्या सोडलेल्या गावाकडे येतो. हा संबंध शासनाला फार पूर्वीच उमगला होता. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे पुढचे प्रमुख जॉन इलियट मोसमी पावसाचे अंदाज बांधताना मॉरिशससारख्या दक्षिण गोलार्धातल्या ठिकाणांची निरीक्षणेही विचारात घेत. म्हणजे आपले शासन शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हजारो मैलांवरचा वारा पाहायला शिकले. दहा मैलांवरचे शेत पाहायला मात्र आपण अजून पुरते शिकलेलो नाही.

मॉरिशसचे प्रशासन सर्वगुणसंपन्न आहे असे मला म्हणायचे नाही. चक्रीवादळासाठी तिथे १ ते ४ अशा इशाऱ्यांच्या पायऱ्या आहेत. तिसरी पायरी लागली की कामकाज थांबते, माणसे घरी बसतात. यावर तिथे कोणी वाद घालत नाही. परंतु या पायऱ्या वाऱ्याच्या वेगावर आधारलेल्या आहेत, पावसावर नव्हेत. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत अचानक ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि ११ माणसे मरण पावली. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी त्याच शहरातल्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. बेटाच्या कोरड्या बाजूचे हे शहर. सरासरी त्याला वाचवू शकली नाही. आपण जे मोजतो तेवढेच आपल्याला दिसते, हा धडा तिथेही आहेच.

आता आपल्याकडे वळू. १९९४ नंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, हे मान्य केलेच पाहिजे. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री फसल बीमा योजनेत मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायत हे विम्याचे एकक धरले गेले. त्याच वर्षीच्या केंद्राच्या दुष्काळ व्यवस्थापन नियमावलीने पावसातल्या खंडालाही महत्त्व दिले. महाराष्ट्राने ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. केंद्राच्या २०२३ च्या ‘विंड्स’ उपक्रमाचे उद्दिष्ट तर प्रत्येक विकासखंडात हवामान केंद्र आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक हे आहे. दिशा योग्य आहे. पण प्रशासनात राहिलेल्या माणसाला यंत्रापेक्षा यंत्राच्या जागेची काळजी अधिक वाटते. सोय म्हणून यंत्र पुन्हा सरकारी इमारतीच्या आवारातच लागेल. दोन वर्षांनी त्याच्यावर झाडाची फांदी येईल. गाळणीत पाला अडकेल. पडद्यावर शून्य दिसेल आणि ते शून्य यंत्राचे असल्यामुळे त्याच्याशी वाद घालणे माझ्या शिपायाच्या शून्याशी वाद घालण्यापेक्षा अवघड होईल.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. पहिली, प्रत्येक स्वयंचलित यंत्राच्या जोडीला गावात एक साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक असावा. शाळेतले शिक्षक व विद्यार्थी किंवा गावचा कोटवार रोज साडेआठला तो मोजू शकेल. दुसरी, तो आकडा वर पाठवण्याआधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूने लिहिला जावा. सर्वांनी पाहिलेला आकडा सहसा खोटा लिहिता येत नाही आणि रविवारचा पाऊस सोमवारी पडत नाही. तिसरी, ज्या आदेशात पावसाचा आकडा वापरला असेल, त्यात तो कोणत्या मापकाचा आणि त्या गावापासून किती अंतरावरचा, हे लिहिणे बंधनकारक असावे. हे एक वाक्य माझ्या १९९४ च्या टिपणीत लिहावे लागले असते, तर पुढचा शेरा लिहिताना माझा हात थबकला असता.

यावर दोन आक्षेप येतील. गावकरी मदतीसाठी आकडा कमी लिहितील, हा पहिला. एकटे गाव कदाचित लिहीलही. परंतु भोवतालची चार गावे, त्यांचे मापक आणि यंत्र या सगळ्यांशी विसंगत आकडा लगेच उघडा पडतो. दुसरा आक्षेप तिजोरीवरच्या भाराचा. तो मला कधीच पटला नाही. नुकसान मोजले नाही म्हणून होत नाही, असे थोडेच आहे? ते होतेच. फक्त ते तिजोरीऐवजी एका कुटुंबावर पडते आणि ते कुटुंब घराला कुलूप लावून निघून जाते.

भिलाईच्या पोलाद कारखान्याला तांदुळा धरणाचे पाणी कालव्याने मिळते. त्या दिवशी कारखान्यावर ढग आले की नाहीत, याने भट्टीचे काही अडत नाही. मॉरिशसनेही ओल्या पठारावर मोठे जलाशय बांधून पाण्याची अशीच सोय केली. आभाळाचा पक्षपात दुरुस्त करणे हे शासनाचे काम आहे आणि मनात आणले तर ते जमते, याचे हे दोन पुरावे. ज्याच्या शेतापर्यंत कालवा पोचत नाही, त्याच्या बाबतीत निदान पाऊस पडला नाही एवढे तरी शासनाने खरे लिहावे.

निवृत्तीनंतर मी अंगणात एक साधा पर्जन्यमापक बसवला आहे. माझा आकडा आणि वर्तमानपत्रात छापलेला जिल्ह्याचा आकडा क्वचितच जुळतात. त्यात चूक कोणाचीच नसते. फोनवर कोणी पावसाचे विचारले की मी आता एवढेच सांगतो, ‘‘आमच्या अंगणात इतका पडला. धमध्याकडे काय झाले ते तिकडच्या माणसाला विचारावे लागेल.’’