चित्रकाराची नजर आणि कवितेचा वाचक

बारामती-इंदापूरवरून तुकोबांची पालखी ज्या पंढरपुरास जाते, तेथेच १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ (१९६७) हा लघुपट मराठी काव्याच्या वर्गात दाखविला जावा, असे माझे मत आहे. फिल्म्स डिव्हिजनची निर्मिती असलेल्या आणि बर्लिन महोत्सवात ‘सुवर्ण अस्वल’ मिळविलेल्या या लघुपटात बुंदी, चितोड, जैसलमेर ही शहरे दिसतात. परंतु त्यांची माहिती मिळत नाही. प्रारंभीचे चित्रकाराचे मोजके बोल संपले, की निवेदन थांबते. उरतात त्या केवळ प्रतिमा: छत्री, कंदील, जोडा, जनावरे, किल्ल्यांच्या भिंती.

या वस्तू पुनःपुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी निराळ्या सान्निध्यात येतात. त्यांचा अर्थ कोणी सांगत नाही. तो त्यांच्या परस्परसंबंधांतून घडतो. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी मांडलेला लयविचार विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात. येथे तो डोळ्यांना दिसतो. प्रतिमा म्हणजे आशयावर चढविलेला अलंकार नव्हे, हे समजावण्यास याहून सुलभ साधन मला ठाऊक नाही.

मात्र या नजरेची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. लघुपटातील माणसे बहुधा आकार म्हणूनच येतात. त्यांचे बोलणे आपल्या कानी पडत नाही.

ही मर्यादा आपल्याकडे अधिक जाणवेल. उजनी जलाशयाचे पाणी ओसरले, की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे बुडालेले प्राचीन मंदिर उघडे पडते. ‘धरण झाले, गाव उठले’ असे लिहिणारा विद्यार्थी माहिती देतो. पाण्यातून वर येणारे शिखर पाहणारा विद्यार्थी कवितेच्या उंबरठ्यावर पोहोचतो. पण त्या शिखराच्या सौंदर्यात उठलेल्या घरांचा विसर पडला, तर ती कविता देखणी असूनही अपुरी ठरेल.

म्हणून हुसेन यांच्याकडून पाहावयास शिकावे. ऐकण्याची जबाबदारी मात्र शब्दाने स्वतःकडे ठेवावी. साहित्याच्या अभ्यासकाला चित्रकाराची नजर हवी ती एवढ्याचसाठी.