फेकण्याआधी उघडून पाहा

(वस्तू बिघडली की ती टाकून द्यायची, अशी सवय आज वाढत आहे. जुन्या रेडिओ नियंत्रण ट्रान्समीटरचे उदाहरण घेऊन लेखकाने या सवयीविषयी आपले मत प्रस्तुत पाठात मांडले आहे.)

मुलांनो, हातातल्या पेटीवरून छोटे विमान उडवणारा माणूस तुम्ही मैदानावर किंवा चित्रात पाहिला असेल. विमानाला दोरी नसते, तार नसते. पेटीवरच्या दोन दांड्या हलवल्या, की विमान वळते, वर चढते, खाली उतरते. या पेटीला रेडिओ नियंत्रण ट्रान्समीटर म्हणतात.

ही विद्या आजची नाही. 1898 मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये रेडिओ लहरींनी छोटी नाव चालवून दाखवली. 1937 मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी अमेरिकेत 'गफ' नावाचे विमान रेडिओच्या साहाय्याने उडवले. ते विमान पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाकडे गेले. 1960 नंतर या पेट्यांत ट्रान्झिस्टरचा वापर वाढला. पेटी हलकी झाली. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, जपान या देशांत हा छंद घरोघरी पोहोचला.

त्या काळातल्या कितीतरी पेट्या आज माळ्यावर धूळ खात पडल्या आहेत. एखादा नातू आजोबांची पेटी खाली काढतो, बटण दाबतो. काही हालचाल होत नाही. "हा मेला," असे म्हणून तो पेटी कचऱ्यात टाकतो.

मला हे मान्य नाही. पेटी मेलेली नसते. तिच्यातले पाच-पन्नास भाग अजून धडधाकट असतात. बिघडलेले असतात एक-दोन. एका दुखऱ्या दातासाठी कोणी सगळे दात काढतो का?

बिघाड कुठे होतो, ते पाहू. पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. जुन्या पेट्यांत बहुधा निकेल-कॅडमियमचे सेल असत. एका सेलचा दाब 1.2 व्होल्ट. असे आठ सेल जोडले, की 9.6 व्होल्ट मिळतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेले सेल गळतात. त्यांतला क्षार तांब्याला खातो. ऋण टोकाची तार आतून काळी पडते. वरचे आवरण मात्र छान दिसते! अशी तार बदलावीच लागते. क्षार त्वचेला घातक असतो, म्हणून हातमोजे घालावेत. डाग सौम्य व्हिनेगरने पुसून, मग स्वच्छ करून कोरडा करावा.

दुसरा रोगी म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. याच्या पोटात ओला द्रव असतो. तीस-चाळीस वर्षांत तो सुकतो. नवा कॅपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्यावा. त्याची व्होल्टची मर्यादा जुन्याएवढी किंवा जास्त असावी, कमी नसावी. धन आणि ऋण टोक उलटे जोडले, तर तो फुटू शकतो.

तिसरा भाग दांडीखाली असतो. दांडी हलली, की तिच्याखालचा बदलता रोधक फिरतो. त्यावरून ठरते, की विमानाकडे जाणारा स्पंद किती लांबीचा असावा. साधारणपणे एक मिलीसेकंद म्हणजे एक टोक, दोन मिलीसेकंद म्हणजे दुसरे टोक, आणि दीड म्हणजे मध्य. एका सेकंदात हा संदेश सुमारे पन्नास वेळा जातो. रोधकाचा कार्बनचा पट्टा झिजला, की स्पंद डळमळतो. मग हात स्थिर असूनही विमान थरथरते.

क्वार्ट्झचा स्फटिक हा चौथा. पेटी हातातून पडली, तर आतली पातळ चकती तडकते आणि लहर निर्माणच होत नाही. पाचवा, लहरीला बळ देणारा ट्रान्झिस्टर. एरियल न उघडता पेटी बराच वेळ चालू ठेवली, तर तो जळू शकतो. येथे दोष पेटीचा नाही, वापरणाऱ्याचा आहे.

तर मग करावे काय? आधी डोळ्यांनी पाहावे. मग मल्टीमीटरने मोजावे. बॅटरीपासून सुरुवात करून एकेक पायरी पुढे जावे. बिघाड सापडला, की तेवढाच भाग बदलावा आणि पुन्हा तपासावे. एरियलच्या जागी योग्य रोधक जोडला, की हे काम टेबलावरच होते. पण काही जण पेटी उघडताच दहा भाग एकदम बदलतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पेटी चालली, तरी काय बिघडले होते ते कळत नाही. चालली नाही, तर जुना दोष कोणता आणि आपण केलेला नवा दोष कोणता, तेही कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, "एवढी खटपट कशाला? आज 2.4 गिगाहर्ट्झचे नवे संच मिळतात. ते हलके आहेत आणि एकमेकांत गोंधळ करत नाहीत." हे म्हणणे खरे आहे. मी आणखी एक गोष्ट कबूल करतो. अमेरिकेत विमानांसाठी ठेवलेल्या 72 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन शेजारच्या वाहिन्यांत फक्त 20 किलोहर्ट्झचे अंतर असते. अनेक जुन्या पेट्यांची लहर त्याहून जास्त जागा व्यापते. अशी पेटी मैदानावर लावली, तर शेजाऱ्याचे विमान कोसळू शकते. खाली माणसे असतात. म्हणून जी पेटी आजच्या नियमांत बसत नाही, तिने विमान उडवू नये. आपला छंद दुसऱ्याच्या जिवावर बेतता कामा नये.

मग ती दुरुस्त तरी का करायची? माझे उत्तर असे आहे. नवी पेटी आपल्याला विमान उडवायला शिकवते. जुनी पेटी विमान कसे उडते, ते शिकवते. तिच्यातला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो. तो काढता येतो, मोजता येतो, बदलता येतो. कारण आणि परिणाम यांची साखळी तिथे उघडी असते. हे शिक्षण दुकानात विकत मिळत नाही. सोल्डरची कडक इस्त्री हाती धरण्यापूर्वी जाणत्या माणसाला सोबत घ्या आणि विजेच्या घरगुती जोडणीला हात लावू नका, एवढेच माझे सांगणे.

शिवाय हा प्रश्न एका पेटीचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातल्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी कचऱ्याचा रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. बाकीच्यात असे कितीतरी नग असतील, ज्यांचा एकच लहानसा भाग बिघडला होता! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही असे सुटे भाग मिळतात. भाग स्वस्त आहेत. महाग आहे तो धीर.

सगळेच दुरुस्त होते, असे मी म्हणत नाही. काही वस्तूंचे आयुष्य खरोखर संपते. पण तो निर्णय उघडून, पाहून, मोजून घ्यावा. न पाहता दिलेला निकाल हा न्याय नव्हे. माणसांच्या बाबतीत आपण हे मानतो. वस्तूंच्या बाबतीतही मानायला काय हरकत आहे?

'दुरुस्त' हा शब्द मराठीत आहे, तसाच तुमच्या उर्दूतही आहे. उर्दूत त्याचा अर्थ 'बरोबर', 'योग्य' असा होतो. मला हा अर्थ फार आवडतो. दुरुस्ती म्हणजे केवळ ठोकठाक नव्हे. जे चुकले आहे, ते शोधून बरोबर करणे म्हणजे दुरुस्ती. ज्याला हे जमले, त्याच्या हातात एक जुनी पेटी तर सुधारतेच. पण तो स्वतःही थोडा सुधारतो.

स्वाध्याय
1. जुन्या ट्रान्समीटरमध्ये कोणकोणते भाग बिघडतात?
2. एका वेळी एकच भाग का बदलावा?
3. 'भाग स्वस्त आहेत. महाग आहे तो धीर.' या वाक्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
4. तुमच्या घरातील बिघडलेल्या एका वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा. ती फेकावी की दुरुस्त करावी, ते कारणासह सांगा.