सांगलीकरांनो, तो निळा समुद्र पुरे!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

ऑइल पेंटिंग हा सध्या आम्हा आयटीवाल्यांचा नवा नाद. शनिवारी क्लास नाहीतर यूट्यूब, रविवारी संध्याकाळी ग्रुपवर फोटो. त्यातलं दर तिसरं चित्र समुद्राचं असतं. समुद्र तरी कुठला? काळं आकाश, ढगांतून एक तिरीप, अंगावर येणारी प्रचंड लाट, आणि लाटेची कड आतून दिवा लावल्यासारखी हिरवीगार. काढणारा कराडचा असो, विट्याचा असो की मिरजेचा, लाट तीच. खाली पंचवीस "वॉव" आणि अंगठे.

मला ही लाट आता बघवत नाही.

"कलेत असलं लॉजिक लावायचं नसतं रे" असं कोणीतरी म्हणणारच. का नाही लावायचं? लाट उभी राहते तेव्हा तिचा माथा पातळ असतो. सूर्य तिच्या मागे आणि खाली उतरलेला असेल, तर उजेड त्या पाण्यातून आरपार येतो आणि कड हिरवी दिसते. म्हणजे पाणी नितळ हवं आणि सूर्य हजर हवा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळी गुहागरला हे दिसतंही. पण तेव्हा समुद्र शांत, लाटा गुडघ्याएवढ्या. तो खवळतो आषाढात. आषाढात सूर्य ढगांआड, नद्यांनी गाळ आणलेला, तळाची वाळू ढवळलेली. उजेड आरपार येणार कुठून? किनाऱ्याजवळ पाणी चहासारखं, फेस पिवळट, आणि पुढे सगळं राखाडी होत आकाशात असं मिसळतं की क्षितिजाची रेघच सापडत नाही. आपल्या भिंतीवरचा खवळलेला आणि वर झगमगणारा समुद्र म्हणजे दोन ऋतूंचं कॉपी-पेस्ट आहे.

यात बॉब रॉसचा दोष नाही हं. १९८३ ते १९९४ या काळात त्याने टीव्हीवर ४०३ भाग केले, प्रत्येक भागात अर्ध्या तासात एक चित्र. ओल्या पांढऱ्या थरावर ओलाच रंग, ही त्याची युक्ती. पण तो जन्मला फ्लोरिडात, अटलांटिकच्या काठी. आणि त्याचे ते सुप्रसिद्ध बर्फाचे डोंगर? अमेरिकन हवाई दलात असताना त्याने अलास्कात वर्षानुवर्षं डोंगर पाहिले होते. त्याच्याकडे बघितलेलं काहीतरी होतं. आपण फक्त रेसिपी उचलली.

दुसरा युक्तिवाद ठरलेला: "आपण घाटावरची माणसं, आपल्याला कुठला आलाय समुद्र?" अहो, कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते तिथून अरबी समुद्र सत्तर किलोमीटरच्याही आत आहे. ती त्याच्याकडे पाठ करून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते, हा तिचा प्रश्न. आणि कोयनेचं पाणी तर आपण बोगद्यांतून, वीज करत करत, वाशिष्ठीत आणि तिथून त्याच समुद्रात सोडतो. शिवाय कूर्बे हा फ्रेंच चित्रकार कुठला होता? ऑर्नान्स नावाच्या, दरीतल्या गावचा. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला १८४१ मध्ये, विशी ओलांडल्यावर. आणि १८६९ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर राहून त्याने ज्या लाटा काढल्या त्या बघा एकदा. पॅलेट नाइफने थापलेला रंग, मातकट, जड, भिंत अंगावर कोसळावी तशा. आयवाझोव्स्की तर काळ्या समुद्राच्या काठचाच, त्याचं 'नववी लाट' १८५० चं. तोसुद्धा समुद्र समोर ठेवून काढत नसे. बघायचा, आणि मग स्टुडिओत बसून आठवणीतून काढायचा. घाट उतरून बघणं आणि परत घाट चढून काढणं यात काहीच वावगं नाही.

आता माझ्या रागाचं खरं कारण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीत शेवटच्या वर्षाला होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. रस्त्यांवर बोटी चालत होत्या. ज्यांनी ते पाणी पाहिलंय त्यांना पाण्याचं वजन कोणी शिकवायला नको. रंग आठवा. तपकिरी, पण एकच तपकिरी नव्हे. जरा उजाडलं की तांबूस, संध्याकाळी जवळजवळ काळा, आणि भोवऱ्याच्या कडेला मळकट फेस. निळा औषधालाही नाही. ते पाणी डोळ्यांनी पाहिलेला माणूस वीकेंडला कॅनव्हास पुढे ओढतो आणि प्रशियन ब्लूची ट्यूब पिळतो!

एका मित्राला हे सुनावलं, तर म्हणाला, "अरे, हॉलमध्ये लावायचंय, प्रसन्न नको का?" तेच तर. सोफ्याला मॅच होणारं वादळ हवंय आपल्याला.

प्रसन्न हवं असेल तर फुलं काढा, माझी काही हरकत नाही. वादळ काढायचं असेल तर आधी औंधला जाऊन या, साताऱ्याहून काही लांब नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी १९३८ मध्ये तिथे संग्रहालय उभारलं. रविवर्मा, धुरंधर यांची मूळ तैलचित्रं आहेत. समुद्रासाठी नाही, रंगाचा थर बघायला जा. कुठे जाड लावलाय, कुठे खालचा थर वर डोकावतोय, हे मोबाइलच्या काचेवर कळत नाही. लाटेला नेमकं तेच लागतं, खाली कमी तेलाचा पातळ हात आणि फेसाला वर जाड थर. आणि रॉ अंबर वापरायला घाबरू नका. त्यातल्या मँगनीजमुळे तेल लवकर सुकतं, पावसाळ्यात ही मोठीच सोय.

मग जुलैत एखादा वीकेंड काढा. कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. पाण्यात उतरायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, छत्री धरून लांबून तासभर नुसतं बघायचं. ऑफ सीझन असतो, खोल्याही स्वस्त मिळतात.