रॅम तापली म्हणून बदलू नका



गेमिंग डेस्कटॉपची रॅम ६० अंशांवर गेली की ती बदलून टाकावी, हा गेल्या अंकातील पत्रातला सल्ला वाचकांना नाहक खर्चात पाडणारा आहे.

डीडीआर४ आणि डीडीआर५ चिपांची नेहमीची मर्यादा ८५ अंश सेल्सिअस. ९५ पर्यंतही त्या चालतात. फक्त रिफ्रेश दुप्पट वेळा करावा लागतो, कारण उष्णतेत चिपमधला विद्युतभार लवकर गळतो.

मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये मे-जूनात पारा चाळिशी ओलांडतो. खोली १५ अंशांनी तापली की रॅमही जवळपास तेवढीच तापणार. हिवाळ्यातले ४५ उन्हाळ्यात ६० झाले, यात बिघाड कुठला?

शिवाय डीडीआर५ मध्ये व्होल्टेज नियंत्रक रॅमच्या पट्टीवरच बसवलेला असतो. प्रमाणित व्होल्टेज १.१, रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल सुरू केले की ते अनेकदा १.३५ वर जाते. त्यात खालच्या ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट पट्ट्यांवर येते. कॅबिनेटची बाजूची झडप उघडून तोच गेम खेळून पाहावा. आकडा झर्रकन उतरला, तर दोष हवेच्या वाटेचा: जाळीतली धूळ काढावी, पुढून हवा आत आणि मागून-वरून बाहेर जाईल असे पंखे लावावेत.

खरी चिंता आकड्याची नाही, चुकांची. रॅममधल्या चुका शोधणारे मेमटेस्ट८६ चालवावे. चुका दिसल्या तर एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासावे. तरीही त्या राहिल्या, तरच वॉरंटीचा कागद शोधावा. दुकानदारांनीही नवी रॅम विकण्याआधी एवढी चाचणी ग्राहकासमोर करून दाखवावी, ही विनंती.

— एक वाचक, सेक्टर २२, चंडीगड